खाऱ्या पाण्यात घाई चालत नाही

गोड्या पाण्यातले मासे पाळण्यात माझी तीसेक वर्षे गेली. गप्पी, मॉली, एंजल आणि मधली काही वर्षे घरच्या मांजरासारखा लाडावलेला एक ऑस्कर. एवढ्या वर्षांनंतर माणसाला वाटू लागते की आपल्याला पाणी कळते. निवृत्त झाल्यावर मी समुद्री माशांची टाकी लावायला घेतली ती याच समजुतीत. मीठ तेवढे घालायचे, बाकी सगळे तेच! या समजुतीचे पुढे काय झाले, आणि त्यातून माझे जे एक मत बनले ते काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीला समुद्री माशांचे वेड लागले ते तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या या मत्स्यालयात शाळेची सहल जायचीच. तिथले रंग पाहून घरी आलो की बरणीतले गप्पी एकदम गरीब वाटायचे. ते वेड मनाच्या तळाशी राहिले. मग नातीने ‘फाइंडिंग नीमो’ पाहिला (चित्रपट २००३ सालचा, पण मुलांच्या लेखी कालचाच) आणि विचारले, “आजोबा, तुमच्याकडे नीमो का नाही?” मला निमित्तच हवे होते.

तीन फुटी टाकी करून घेतली. वाळू आणि सच्छिद्र दगडांची जागा सोडली तर तिच्यात १३० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे साडेचार किलो मीठ आले. हे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. मासे ज्यावर जगतात त्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते. त्याचे तयार मिश्रण मिळते आणि ते स्वस्त नसते. “समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत कसले आणता?” असे शेजाऱ्यांनी विचारले. पण शहराचे सांडपाणी जिथे मिसळते तिथले पाणी कॅनमध्ये भरून आणायची माझी तयारी नव्हती. शिवाय पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी बरेच अळणी होते.

पाणी तयार झाले, पंप सुरू झाले, आणि खरी परीक्षा इथून सुरू झाली. काहीही न करण्याची परीक्षा! टाकीत कोळंबीचा एक तुकडा टाकायचा आणि तो कुजू द्यायचा. त्यातून अमोनिया निघतो. तो माशांना विषारी. मग दगडांवर, वाळूत एका जातीचे जिवाणू वाढतात, ते त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. त्यामागून दुसरे जिवाणू येतात, ते नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बेताच्या प्रमाणात चालते. गोड्या पाण्यातही हेच घडते, पण तिथे गप्पीसारखे चिवट मासे आपल्या चुका पोटात घालतात, म्हणून आपल्याला आपण हुशार वाटतो. माझ्या टाकीला सहा आठवडे लागले. मध्येच काचांवर तपकिरी थर चढला, मग आपोआप गेला. येणारा-जाणारा विचारायचा, “काका, मासे कुठायत?” सौभाग्यवतींनी पाचव्या आठवड्यात ऐकवले, “साडेचार किलो मीठ आणि मासा एकही नाही. त्यापेक्षा कैऱ्यांचं लोणचं तरी घातलं असतं.”

दुकानदाराने वाट सुचवली होती. दोन-तीन स्वस्त डॅम्सेल सोडा, ते पाणी तयार करतील, मेले तर मेले. ही पद्धत जुनी आहे आणि माझ्या मते निर्दय आहे. कोळंबीचा एक तुकडा जे काम करतो त्यासाठी जिवंत मासा अमोनियात कशाला ठेवायचा?

सहा आठवड्यांनी दोन नीमो आले, म्हणजे क्लाउन फिश, आणि एक लाल-पांढरी, लांब मिशांची कोळंबी. ही माशांच्या अंगावरचे किडे टिपून खाते. महिनाभर सगळे छान चालले. मग मे महिना आला. उकाड्याने पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावला, आणि रोज दीड-एक लिटर पाणी उडू लागले. जेवढे कमी होई तेवढे मी मिठाचे पाणी घालून भरून काढत होतो. समुद्राची टाकी, मग समुद्राचेच पाणी! उडते ते नुसते पाणी, मीठ मागेच राहते, हे मिठागरे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको होते. दहा दिवसांत खारटपणा लिटरमागे ३९ ग्रॅमपर्यंत चढला.

इथे तीस वर्षांची सवय आड आली. टाकीत काही बिघडले की बादलीभर पाणी काढायचे आणि ताजे घालायचे. मी तेच केले. पंधरा लिटर खारे पाणी काढून एका दमात गोडे पाणी ओतले. आकडा बरोबर आला. संध्याकाळी कोळंबी वाळूवर आडवी पडली होती.

कारण नंतर नीट वाचले. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत झिरपत असते. तो पाणी पीत नाही म्हटले तरी चालेल, उलट भरपूर मूत्रावाटे ते बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाचे उलटे. त्याच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पीत राहतो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांवाटे फेकतो. हा तोल मासा थोडाफार सांभाळून नेतो. कोळंबीला ते जमत नाही. भोवतालच्या पाण्याचा खारटपणा तिच्या अंगातही उतरतो. जो बदल दोन-तीन दिवसांत व्हायला हवा होता तो मी पाच मिनिटांत केला.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. ही कोळंबी आली कुठून? गोड्या पाण्यातले आपले बहुतेक मासे शेतात वाढतात. चेन्नईजवळच्या कोळत्तूरमध्ये तर हा घरोघरीचा धंदा आहे. समुद्री माशांचे तसे नाही. त्यातले बहुतेक आजही प्रवाळांमधून पकडून आणलेले असतात. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याचा प्रकार अनेक दशके चालला आहे, त्यात मासा हाती लागतो आणि पोवळी मरतात. नीमो मात्र टाकीत अंडी घालतो, त्याची पिल्ले माणसाने वाढवता येतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही हे करून दाखवले आहे. नातीची दुसरी मागणी निळ्या डोरीची होती. तो मासा बंदिस्त जागेत पहिल्यांदा वाढवला गेला २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठात. दुकानात दिसतात ते अजून बहुधा समुद्रातलेच. शिवाय तो फूटभर वाढतो. माझ्या तीन फुटी टाकीत त्याने करायचे काय?

म्हणून माझे मत असे झाले आहे की नवशिक्याने समुद्री टाकीत बंदिस्त जागेत जन्मलेलेच मासे ठेवावेत, आणि दुकानदाराला तसे स्पष्ट विचारावे. त्याला उत्तर देता आले नाही तर रिकाम्या हाताने परत यावे. पोवळी आणि समुद्रघोडे यांना तर २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. “आणून देतो साहेब” म्हणणाऱ्याकडून ते घेऊच नयेत.

माझे एक मालवणी मित्र यावर हसतात. “रविवारी सुरमई तळून खातोस, आणि डोरीसाठी गळा काढतोस?” टोला वर्मी लागतो. सुरमई मी खातो, खाणार. पण तिच्यावर माझे प्रेम आहे असे मी कधी म्हटलेले नाही. डोरीला ‘आवडते’ म्हणून आणायचे आणि आठ महिन्यांत मारायचे, यात मला जास्त खोटेपणा दिसतो. याने त्यांचे समाधान होत नाही. माझेही पुरते होते असे नाही.

डोरी आली नाही म्हणून नात थोडे दिवस रुसली. आता टाकीत दोनच मासे आहेत, आणि पाहुण्यांना ती जरा रिकामी वाटते. रोज सकाळी चहाआधी मी तिच्यात मगाने साधे, गाळलेले पाणी घालतो. दोघांपैकी एक मासा अलीकडे चांगलाच मोठा दिसू लागला आहे. क्लाउन फिश जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. मादी गेली तर तिची जागा नर घेतो. हे मी नातीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे सिनेमात नीमोची आई मेली, तेव्हा त्याचे बाबाच आई व्हायला हवे होते?”