पतअहवालाला मुदत का नसावी?

उधार दिलेल्या पैशाच्या दाव्याला आपल्या कायद्याने मुदत घालून दिली आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या, बिनतारणी कर्जाच्या वसुलीसाठी धनकोने सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत न्यायालयात गेले पाहिजे. त्यानंतर त्याचा दावा ऐकला जात नाही. कर्ज नाहीसे होत नाही, वसुलीचा न्यायालयीन मार्ग तेवढा बंद होतो, हा भेद न्यायालयांनी स्पष्ट केलेला आहे. तरीही या मुदतीमागे पिढ्यांचा अनुभव उभा आहे. कागद जीर्ण होतात, साक्षीदार उरत नाहीत, आणि धनको स्वस्थ बसून राहिला तर त्याच्या स्वस्थपणाचे ओझे ऋणकोने जन्मभर का वाहावे, असा तो विचार आहे. गेल्या पंचवीस वर्षांत मात्र या कायद्याच्या शेजारीच एक दुसरी व्यवस्था उभी राहिली आहे, आणि तिला अशी कोणतीही मुदत मान्य नाही. ही व्यवस्था म्हणजे व्यक्तीचा पतअहवाल. लोकांच्या तोंडी ‘सिबिल’.

काही महिन्यांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. एका शाळेत ती शिक्षिका आहे. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि शैक्षणिक कर्जासाठी आई सहअर्जदार होती. बँकेने आईचा पतअहवाल मागवला, तर त्यात २०११ सालच्या क्रेडिट कार्डाची अकरा हजारांची थकबाकी ‘निर्लेखित’ अशा शेऱ्यासह उभी. त्या वर्षी नवऱ्याच्या आजारपणात घर विसकटले होते आणि हप्ते राहून गेले होते. मूळ बँकेने कधीही दावा लावला नाही. पुढे ते येणे एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले गेले आणि अहवालातल्या नोंदीला नवा मालक मिळाला. रक्कम व्याजासह सत्तर हजारांच्या पुढे गेली. “सर, मी कुणाला बुडवायला निघाले नव्हते हो,” ती म्हणाली, “पण त्या कागदावर तसंच दिसतं.”

हे खरे आहे. त्या कागदावर तसेच दिसते, कारण त्या कागदाला रक्कम कळते, तारीख कळते, कारण कळत नाही.

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात सांगतो. सिद्दीकी समितीच्या १९९९ च्या शिफारशींनंतर २००० साली सिबिल ही कंपनी स्थापन झाली. २००५ साली पतविषयक माहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत, आणि त्यांतील सर्वात परिचित कंपनीची मालकी बहुतांशी एका अमेरिकी कंपनीकडे आहे. बँका आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती या कंपन्यांना पुरवतात, १ जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरवड्याला. आणि तिच्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यानचा एक आकडा माणसाच्या नावापुढे लागतो. ही कल्पना मुळातच दुष्ट आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे जमीन नाही, सोने नाही, शिफारस करणारा नातलग नाही, त्याने वेळेवर फेडलेले लहानसे कर्ज हेच त्याचे तारण ठरावे, ही गोष्ट समाजवाद्यानेही स्वागतार्ह मानावी अशीच आहे. आक्षेप नोंद ठेवण्याला नाही. ती किती काळ ठेवावी, आणि तिच्या जोरावर माणसाकडून काय काय हिरावून घ्यावे, याला आहे.

ज्या देशाकडून आपण ही कल्पना घेतली, त्या अमेरिकेचेच उदाहरण पाहा. तेथील १९७० च्या कायद्याने थकबाकीची प्रतिकूल नोंद सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षे दाखवता येते, दिवाळखोरीची दहा वर्षे. ही सात वर्षे मूळ थकबाकीपासून मोजली जातात; कर्ज तिसऱ्याला विकले म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. ब्रिटनमध्ये ही मर्यादा सहा वर्षांची आहे. आपल्याकडे २००६ च्या विनियमांतही सात वर्षांचाच आकडा आहे, पण माहिती *किमान* सात वर्षे जतन करावी अशा शब्दांत. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे छत आहे, ते आपण येथे आणून जमिनीवर अंथरले! येणे चुकते झाले नाही आणि धनको दर पंधरवड्याला ते कळवीत राहिला, तर वर्षांमागून वर्षे गेली तरी ती नोंद ताजीच राहते.

मुदतीच्या कायद्याला सावकारी बगल देण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या खतपत्रांवरील दाव्यांना तीन वर्षांची मर्यादा घातली, ती वस्तुतः ऋणकोच्या रक्षणासाठी. सावकारांनी तिचेच शस्त्र केले. तीन वर्षे भरत आली की कुणब्याला बोलावायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, नवे खत लिहून घ्यायचे, आणि न दिलेल्या पैशावर व्याजाची आकारणी सुरू करायची. जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये हे बंधन, या फेरलेखनापुढे हतबल ठरले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांचा जो उद्रेक झाला, तो पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने खतांवर आणि वह्यांवर होता. कागद हाती आले तेथे पुष्कळदा सावकाराच्या जिवाला धक्का लागला नाही. त्या अडाणी ठरवल्या गेलेल्या माणसांना आपल्या दारिद्र्याचा कागद कोठे ठेवलेला आहे हे अचूक ठाऊक होते.

त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. सरकार परके होते आणि तिजोरीची चिंता त्याला रयतेहून अधिक होती, हे खरेच. पण त्या कायद्यातील एक तरतूद आजही विचारात घ्यावी अशी आहे. न्यायाधीशाने केवळ खतावर लिहिलेला आकडा पाहून हुकूमनामा देऊ नये. खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मूळ पैसा किती दिला आणि व्याजाचे मुद्दल किती वेळा झाले ते पाहावे, अशी ती तरतूद होती. जी चौकशी करणे परक्या राजवटीच्या न्यायाधीशावरही बंधनकारक होते, ती आज पतअहवाल चाळणाऱ्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. तो आकडा वाचतो आणि अर्ज बाजूला ठेवतो.

फेरलेखनाची कलाही संपलेली नाही. मुदतीच्या आत ऋणकोने कर्जाची लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत संपल्यानंतरही त्याने फेडीचे नवे लेखी वचन दिले, तर १८७२ च्या करार कायद्यानुसार ते बंधनकारक ठरते. वसुलीचा माणूस “एवढ्यावर सही करा, सिबिल साफ करून देतो” असे सांगतो तेव्हा मेलेल्या दाव्यात तो पुन्हा जीव ओतत असतो, हे सही करणाऱ्याच्या गावीही नसते. आणि तडजोडीने रक्कम भरली तरी अहवालात शेरा पडतो ‘तडजोडीने मिटवले’. पुढच्या बँकेच्या लेखी तोही डागच.

आता वरच्या मजल्यावर काय चालते ते पाहू. मार्च २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ पासूनच्या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटी रुपयांहून अधिक कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे अर्थमंत्रालयाचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण मग ते माझ्या विद्यार्थिनीच्या अकरा हजारांनाच तेवढे शब्दशः लागू का व्हावे? जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोडीची वाट मोकळी ठेवली. त्यांच्यावरील इतर निर्बंध कायम राहतील असा खुलासा नंतर करावा लागला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी नव्या मालकाकडे गेली की जुनी देणी पुसली जातात, आणि योजनेत नसलेले दावे संपुष्टात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली शिक्कामोर्तब करून सांगितले. या तत्त्वाला कायदेपंडित ‘कोरी पाटी’ म्हणतात.

त्याच संहितेत अगदी गरीब व्यक्तींसाठीही एक प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपेक्षा अधिक नाही, मालमत्ता २० हजारांपेक्षा अधिक नाही, कर्ज ३५ हजारांपेक्षा अधिक नाही, स्वतःचे घर नाही, अशा माणसाला देण्यांतून मुक्त होऊन नव्याने आरंभ करता यावा, अशी ती योजना. संसदेने ती २०१६ साली मंजूर केली. २०२५ साल संपेपर्यंत तरी ती अमलात आलेली नव्हती. कंपन्यांची पाटी पुसण्याची यंत्रणा मात्र पहिल्या वर्षापासून चालू आहे.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर हा विरोधाभास सरकारच्याच अंगाशी येतो. १९९० साली मधू दंडवते अर्थमंत्री असताना दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकित कर्जाची माफी झाली, तेव्हा पतअहवाल नावाची वस्तू या देशात नव्हती. खाते मिटले की मिटले. २०१७ आणि २०१९ साली महाराष्ट्राने पुन्हा कर्जमुक्तीच्या योजना आणल्या, त्या मात्र अशा काळात की खाते मिटले तरी थकबाकीची आठवण यंत्रात शिल्लक. पीककर्जासाठी सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असा इशारा राज्याच्या मुख्यमंत्र्यांना २०२५ मध्ये द्यावा लागला. इशारा द्यावा लागतो याचा अर्थ उघड आहे. माफीने सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो, पण बँकेचे दार उघडत नाही, आणि शेतकरी ज्याच्या तावडीतून सोडवायचा त्याच सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आम्ही वर्गात मोठ्या उमेदीने शिकत होतो की यापुढे बँक ‘तुझ्याकडे काय आहे’ असे न विचारता ‘तुला काय करायचे आहे’ असे विचारील. आज ती या दोन्हींऐवजी ‘तुझ्या हातून पूर्वी काय चुकले’ एवढेच विचारते.

आणि ही विचारणा आता कर्जापुरतीही उरलेली नाही. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, प्रतिकूल पतइतिहासामुळे एका उमेदवाराची बँकेतील नेमणूक रद्द करण्याचा निर्णय ग्राह्य धरला; आपली सारी कर्जे फेडली आहेत हे त्याचे म्हणणे उपयोगी पडले नाही. पैसा नाही म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून पैसा मिळवून देणारी नोकरी नाही, हे चक्र आहे. उलटपक्षी, कमी गुणांकामुळे शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले होते.

अशा सवलतीने लोक बेफिकीर होतील, प्रामाणिकपणे फेडणाऱ्यावर अन्याय होईल, असा आक्षेप येईल. तो मी हसण्यावारी नेत नाही. पतपेढ्यांमधील ठेवीदारही कष्टकरीच असतात. परंतु सात वर्षे कर्जाविना काढणे ही काही लहान शिक्षा नव्हे. मागणी एवढीच आहे: विनियमातील ‘किमान’च्या जागी ‘कमाल’ यावे आणि मोजणी पहिल्या थकबाकीपासून व्हावी, न्यायालयात मुदतबाह्य झालेले येणे अहवालात जिवंत दाखवले जाऊ नये, सरकारने माफ केलेले कर्ज फेडलेले मानावे, आणि नोकरीसाठी हा अहवाल मागण्यास बंदी असावी. यांपैकी पहिल्या दुरुस्तीला तर नवा कायदाही लागणार नाही.

विद्यार्थिनीला मी त्या कंपनीच्या कोणत्याही कागदावर सही करू नकोस असे सांगितले. तक्रारीचा मार्गही पाहिला. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, २०२४ पासून तसा नियम आहे. पण तो चुकीच्या नोंदीसाठी, आणि तिची नोंद चुकीची नव्हती. अखेर तिच्या धाकट्या दिराने सहअर्जदार म्हणून सही केली आणि मुलीचा प्रवेश वाचला. तिचा स्वतःचा अहवाल मागच्या आठवड्यात पुन्हा काढून पाहिला. व्याज धरून आकडा आणखी थोडा वाढला आहे.