पूर्वकथेचे ओझे

पात्राचा भूतकाळ सांगितला की पात्र अधिक कळते, असे आपण वर्गात सहज म्हणून जातो. सी. एस. लुईस यांची ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ ही कादंबरी अलीकडे पुन्हा वाचली आणि या विधानाविषयी शंका वाटू लागली. १९५५ साली आलेली ही कादंबरी नार्निया-मालिकेत प्रकाशनक्रमाने सहावी. मात्र तिच्यातील घटना ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) या पहिल्या कादंबरीच्या बऱ्याच आधी घडतात.

पहिल्या कादंबरीत एक वृद्ध प्राध्यापक आहेत. कपाटातून आपण दुसऱ्या जगात जाऊन आलो, असे लहानगी ल्यूसी सांगते आणि भावंडांना ते पटत नाही. प्राध्यापक तीन शक्यता मांडतात: ती खोटे बोलते आहे, तिला वेड लागले आहे किंवा ती खरे सांगते आहे. पहिल्या दोन टिकत नसतील, तर तिसरी मानावी लागेल. एका वडीलधाऱ्या माणसाने केवळ तर्काच्या आधारे लहान मुलीच्या शब्दाला मान द्यावा, यात त्या प्रसंगाचे सौंदर्य आहे.

पूर्वकथेत कळते, की हेच प्राध्यापक डिगरी नावाचा मुलगा असताना नार्नियाच्या निर्मितीचे साक्षीदार होते. ते कपाटही नार्नियातल्या सफरचंदाच्या गाभ्यापासून लंडनमध्ये वाढलेल्या झाडाच्या लाकडाचे. कपाटाची जादू त्यांनी स्वतः अनुभवली नसली, तरी अशी जगे असतात हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे तर्काचे धाडस उरले नाही, उरली ती केवळ माहिती. बर्फातल्या त्या एकाकी दिव्याच्या खांबाचेही तेच. तो कुठून आला हे कळते आणि त्याचे गूढ थोडे उणावते. स्पष्टीकरण देणारी पूर्वकथा असे काहीतरी हिरावून घेते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच कादंबरीत दुसऱ्या जातीची पूर्वकथाही आहे. चार्न या मृत नगरीत डिगरी मैत्रिणीचा, पॉलीचा, हात पिरगाळून तिला रोखतो आणि घंटा वाजवतो. त्या नादाने जेडिस जागी होते. पुढे नार्नियावर अखंड हिवाळा लादणारी चेटकीण ती हीच. अस्लान या सिंहासमोर डिगरी आधी मंत्रलेखाच्या प्रभावाचे निमित्त पुढे करतो. मग ते निमित्त खोटे होते, अशी कबुली देतो. हे वाचल्यावर पहिल्या पुस्तकातील प्राध्यापक निराळे दिसू लागतात. ल्यूसी ज्या संकटात शिरली आहे, त्याचे मूळ त्यांच्याच हातून घडलेल्या कृतीत आहे. इथे भूतकाळ पात्राचे स्पष्टीकरण देत नाही, त्याच्यावर उत्तरदायित्वाचे ओझे ठेवतो.

जेडिसच्या बाबतीतला लुईस यांचा संयम म्हणूनच लक्षणीय वाटतो. आज खलपात्राची पूर्वकथा लिहायची म्हणजे त्याला एक दुखावलेले बालपण द्यायचे, असा जणू संकेतच झाला आहे. लुईस तसे करीत नाहीत. जेडिसने एक शब्द उच्चारून आपले सारे जग संपवले आणि तिला त्याची खंत नाही. सामान्यांचे नियम आपल्याला लागू नाहीत, हा तिचा दावा डिगरीचा अँड्र्यूमामाही जवळपास तसाच करतो. तिचा भूतकाळ तिची सुटका करीत नाही. एका क्षुद्र, घरगुती माणसाशी असलेले तिचे साम्य तेवढे दाखवतो.

लुईस यांची आई १९०८ साली वारली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. कादंबरीत डिगरीची आजारी आई सफरचंदाने बरी होते. हा दुवा महत्त्वाचा खरा, पण त्याने कादंबरी ‘उलगडली’ असे मानणे म्हणजे लेखकाच्या बाबतीत तीच चूक करणे. चोरून फळ नेण्याचा मोह डिगरी नाकारतो, तो क्षण चरित्राच्या आधाराविनाही उभा राहतो.

१९९४ पासून हार्परकॉलिन्सच्या आवृत्त्यांत हे पुस्तक पहिले छापले जाते. १९५७ मधील एका पत्रात खुद्द लुईस यांनीही घटनाक्रमानुसार वाचनाला अनुकूलता दर्शवली होती, मात्र क्रमाला फार महत्त्व नसावे असेही सुचवले होते. तरीही विद्यार्थ्यांना मी प्रकाशनक्रमच सुचवीन. प्राध्यापकांचा तर्क आधी केवळ तर्क म्हणून ऐकावा आणि घंटेचा नाद मागाहून कानी पडावा.