चिठ्ठी लिहिणाऱ्या सिस्टरला मेमो कशाला?

शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हल्ली फर्स्ट एड रूम सांभाळते. त्याआधीची नोकरी सगळी सरकारी दवाखान्यात, शेवटी इनचार्ज सिस्टर म्हणून. इथे आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही.

इथे फरशीवर तेल सांडलेलं दिसलं की, कुणी घसरलं नसलं तरी हेल्पर ‘निअर मिस’ची चिठ्ठी भरून पेटीत टाकतो. सकाळी शिफ्ट लागताना सुपरवायझर ती सगळ्यांसमोर वाचतो आणि मेंटेनन्सवाला गळती शोधायला जातो. चिठ्ठी लिहिणाऱ्याची उलटतपासणी कुणी घेत नाही.

दवाखान्यात असताना आमच्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये असायच्या, दिसायला जवळपास सारख्या. पोटॅशियम पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. एका रात्रपाळीला एका सिस्टरने सिरिंज भरली, लेबल पुन्हा वाचलं आणि भरलेलं ओतून दिलं. पेशंटला काही झालं नाही. तिने मला सांगितलं, पण कागदावर आणायला तयार होईना. लेखी दिलं की मेमो येणार, हे तिला ठाऊक होतं. मी ट्रे वेगळे केले. शेजारच्या वॉर्डात मात्र ते तसेच राहिले, कारण तिथपर्यंत काही पोचलंच नाही.

मोठी दुर्घटना झाली की हाच मेमो पोलीस ठाण्यापर्यंत जातो. 9 जानेवारी 2021ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. सिव्हिल सर्जन निलंबित झाले, परिचारिकांच्या सेवा संपवल्या, पुढे दोघींवर गुन्हा नोंदला. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटला, किमान 11 रुग्ण दगावले. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि परिचारिकांना. कामात कसूर असेल तर शिक्षा जरूर करा. पण वायरिंग सिस्टर करते का? ठिणगी उडतेय असं तिने आधी सांगितलं, तर ते ऐकून घ्यायला कोण बसलेलं असतं?

मोठ्या कारखान्याला त्यासाठी सेफ्टी ऑफिसर ठेवावाच लागतो, कायदाच आहे तसा. दवाखान्यांसाठी एनएबीएच या संस्थेचं मानांकन आहे, त्यात अशा घटना नोंदवण्याची अटही आहे, पण ते मानांकन ऐच्छिक.

माझ्या मते दवाखान्यात अशा नोंदींची सुरुवात मेट्रनपासून, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखापासून व्हावी. आज तिचा दिवस ड्यूटी लावण्यात, रजा मंजूर करण्यात आणि चादरींच्या हिशेबात जातो. बैठकीला बोलावतात, तेही सहीपुरतं. रात्री आयसीयूत माणसं पुरत नसतील तर नवे रुग्ण दाखल करणं थांबवण्याचा अधिकार तिला लेखी द्या. निअर मिसची वही तिच्या टेबलावर ठेवा, आणि त्या वहीतल्या नोंदीवरून कुणालाही मेमो निघणार नाही, असं परिपत्रक डीनच्या सहीने काढा.