प्रौढ विद्यार्थ्याला सल्ला हवा तो प्रवेशाआधी



व्यवसाय शिक्षणाची महाराष्ट्रातील चर्चा दहावी-बारावीच्या निकालाभोवतीच फिरत राहते, आणि त्यामुळे पस्तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायला निघालेल्या माणसाने कोणता अभ्यासक्रम घ्यावा व कोणता घेऊ नये, हे सांगणारी व्यवस्था राज्यात जवळजवळ नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात २०१६ मध्ये कलचाचणी, म्हणजे मुलाचा ओढा कोणत्या क्षेत्राकडे आहे हे अजमावणारी चाचणी, सुरू झाली. तिच्या उपयुक्ततेविषयी मतभेद असले तरी त्या वयातल्या मुलाला वाट दाखवणे हे शासनाचे काम आहे, एवढे तरी त्यातून मान्य झाले. प्रौढांच्या बाबतीत तेवढेही मान्य झालेले नाही.

शिक्षणाची दारे प्रौढांना बंद आहेत असे मुळीच नाही. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदार, शेतकरी आणि गृहिणींना शिकवीत आहे; औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, प्रवेशासाठी किमान वय १४ असले तरी कमाल वयाची अट नाही; शाळा सुटलेल्याला १७ नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावी-बारावी देता येते. अडचण पुढे येते. यांपैकी कोणती वाट कोठे पोहोचते आणि कोठे अडते, हे जाणणारा माणूस प्रवेशाच्या आधी भेटत नाही.

रुग्णसेवेचे क्षेत्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दवाखान्यात मावशी म्हणून वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेक स्त्रियांना परिचारिका व्हावेसे वाटते, आणि सहा महिन्यांत नर्सिंग व शंभर टक्के नोकरीची हमी अशी पाटी दिसली की साठवलेले किंवा व्याजाने काढलेले पैसे तेथे भरले जातात. परिचारिका म्हणून काम करण्यासाठी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी अशा खाजगी प्रमाणपत्रावर होत नाही. त्यासाठी बारावीनंतरचा सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, किंवा सामान्य परिचर्या व प्रसविका, म्हणजे जीएनएम, यांसारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत या दोन्हींच्या प्रवेशाला १७ ते ३५ अशी वयोमर्यादा आहे. मात्र एएनएम झालेल्या परिचारिकेला जीएनएमसाठी वयाची अट नाही. याचा अर्थ असा, की दहावीवर थांबलेल्या बाईने ३३व्या वर्षी १७ नंबरचा अर्ज भरून बारावी दिली, तर तिला वेळेत एएनएमला अर्ज करता येतो आणि पुढे जीएनएमचीही वाट मोकळी राहते. तोच विचार ३६व्या वर्षी सुचला तर दोन्ही वाटा मिटलेल्या असतात. मग जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णाची रोजची शुश्रूषा करणारा साहाय्यक, असा कौशल्य अभ्यासक्रम तिच्या उपयोगाचा ठरतो, पण त्याने परिचारिकेचा दर्जा मिळत नाही हे पैसे भरण्याआधी तिला कळले पाहिजे. नियम छापील आहेत, तरीही वेळेवर ते समजावून देणारे कोणी नसल्यामुळे एका बाईची दोन-तीन वर्षे आणि घरातील किडूकमिडूक दागिने जातात, ही साधी बाब नव्हे.

कारखान्यातील कामगाराची गत याहून फार वेगळी नाही. हाताने शिकलेल्या वेल्डरला पूर्वशिक्षणास मान्यता या योजनेखाली, म्हणजे अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीने, दाखला मिळू शकतो; पण तो दाखला आयटीआयच्या व्यवसाय प्रमाणपत्राची जागा आपोआप घेत नाही, आणि अनेक भरत्या नेमके तेच प्रमाणपत्र मागतात. कामाचा पुरेसा अनुभव असलेल्या व्यक्तीला खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्याची तरतूद आहे, ही गोष्ट कामगार वस्त्यांत क्वचितच कोणी सांगितलेली असते.

आता हा सल्ला द्यायचा कोणी, हा या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक असतो, पण त्याचे काम प्रवेश घेतलेल्यांच्या विषयातील शंका सोडवण्याचे. आयटीआयमधील शिल्पनिदेशक आपल्या व्यवसायात तरबेज असतो, परंतु त्याच्याकडे तुकडी सोपवलेली असते, उंबरठ्यावर उभा असलेला माणूस नव्हे. खाजगी संस्थेतील प्रवेश सल्लागाराचा मोबदला तर भरलेल्या जागांवर ठरतो, आणि ज्याचे पोट विद्यार्थिसंख्येवर चालते त्याने ‘हा अभ्यासक्रम तुम्ही घेऊ नका’ असे सांगावे ही अपेक्षाच चुकीची आहे. फ्रान्समध्ये २०१४ च्या कायद्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला व्यवसायबदलाविषयी मोफत सल्ला मिळण्याचा हक्क दिला गेला, तेव्हा सल्ला हे प्रशिक्षणापासून वेगळे असे सार्वजनिक काम मानले गेले. महाराष्ट्राने घ्यावा तो हा भाग.

प्रौढाचे मार्गदर्शन ही कलचाचणीची मोठ्यांसाठी काढलेली आवृत्ती असूही नये. व्यवसाय मार्गदर्शनाचे आद्य प्रवर्तक फ्रँक पार्सन्स यांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वतःची ओळख, व्यवसायाची माहिती आणि या दोहोंची सांगड अशी त्रिसूत्री मांडलेली आहे. ती आजही उपयोगी असली, तरी प्रौढाच्या बाबतीत तिला कर्जाचा हप्ता, कामाची पाळी, आजारी सासू किंवा परीक्षेच्या वर्षातील मुलगी यांचा हिशेब जोडल्याशिवाय सल्ला पुरा होत नाही, आणि हा हिशेब मांडायला एक निवांत तास व ऐकून घेणारा माणूस लागतो. सारी माहिती मोबाइलवर असताना वेगळ्या सल्लागाराची गरज काय, हा आक्षेप याच ठिकाणी फोल ठरतो, कारण मोबाइलवर माहितीच्या शेजारीच जाहिरात उभी असते आणि दोहोंतला फरक नवख्याला दिसत नाही.

खर्चाचा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण त्यालाही उत्तर आहे. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. तेथे निवृत्त शिल्पनिदेशक, परिचारिका आणि मुक्त विद्यापीठाचे अनुभवी समंत्रक यांना अल्प प्रशिक्षण देऊन मानधनावर नेमता येईल, मात्र त्यांचे मानधन कोणत्याही संस्थेच्या प्रवेशांशी जोडलेले नसावे. वेळ संध्याकाळची हवी. मुंबईत वरळी येथे १९६७ मध्ये देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले ते कामगाराच्या वेळेला आणि गरजेला शिक्षण जुळवून घेण्यासाठी, आणि आजची जन शिक्षण संस्थाने त्याच कल्पनेतून आलेली आहेत. सल्ल्यापुरता तो धडा राज्याला अवघड जाऊ नये. याखेरीज, प्रौढांकडून शुल्क घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रवेशाआधी एक पानाचे मराठी निवेदन सही करून द्यावे, अशी सक्ती शासनाने करावी. हे प्रमाणपत्र कोणत्या परिषदेने किंवा मंडळाने मान्य केले आहे, त्यावर कोणती नोंदणी वा परवाना मिळतो आणि कोणता मिळत नाही, वयाची अट कोणती, आणि मध्येच शिक्षण सोडावे लागल्यास किती पैसे परत मिळतील, एवढे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे, आणि ते हाती पडल्यानंतर किमान सात दिवस संस्थेला शुल्क स्वीकारता येऊ नये.

— एक वाचक, नाशिक