काळ्या दगडावरचे गडी

जुन्या शिल्पांत राजे, देव आणि लढाया फार. पण ग्रीसच्या क्रीट बेटावर हागिया त्रियादा येथे एका जुन्या वाड्याच्या उत्खननात काळ्या दगडाचे एक लहान भांडे सापडले. सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीचे. त्यावर रांगेने चाललेले २७ पुरुष कोरले आहेत.

बहुतेकांचा पोशाख एकच. डोक्याला चपटी टोपी, कमरेला घट्ट पट्टा, खाली आखूड लंगोट. अंग उघडे, खांद्यावर लांब दांड्याची दाताळी. शेतात राबायला याहून जास्त कापड हवे कशाला?

म्होरक्या मात्र वेगळा. त्याच्या अंगावर झालरीचा जाडजूड झगा. मान कुणाला, मेहनत कुणाची, हे तेव्हाही कपडाच सांगत होता!

पण कारागिराचा जीव रमला तो उघड्या अंगांत. एकजण खुळखुळ्यासारखे वाद्य वाजवत तोंड भरून गातो आहे. त्याच्या फासळ्या मोजून घ्याव्यात!

भांड्याचा खालचा भाग हरवला, म्हणून त्यांचे पाय दिसत नाहीत. उरलेले भांडे हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. त्या वाड्याच्या धन्याचे नाव आज कुणालाच ठाऊक नाही. गड्यांचे गाणे मात्र दगडात राहिले.