खितानांना मोहीम का नाही?

आजचा धागा एका संगणकीय खेळाविषयी आहे आणि तो रागावून लिहिला आहे. इतिहासाच्या धाग्यात खेळ कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी स्वतःला विचारावे की सलादीन, बार्बारोसा, एल सिद ही नावे आपल्या कानांवर प्रथम कोठून पडली. आपल्यापैकी अनेकांचे खरे उत्तर ‘एज ऑफ एम्पायर्स’ हेच असेल.

थोडी पूर्वपीठिका. अमेरिकेतील डॅलसच्या ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने या मालिकेचा पहिला खेळ १९९७ साली आणला, दुसरा १९९९ मध्ये. २००१ साली मायक्रोसॉफ्टने ही संस्था विकत घेतली आणि २००९ च्या जानेवारीत तिला टाळे लागले. ज्यांनी मालिका घडवली ते पांगले. नाव मात्र मालकाकडे राहिले.

दुसऱ्या खेळाचे मोठेपण त्याच्या लढायांत होते तितकेच त्याच्या कथनात होते. जोन ऑफ आर्कची मोहीम आठवून पाहा. खेळाडू कितीही निपुण असो, जोनला वाचवता येत नाही. तिला जाळले जाते आणि त्यानंतरही एक प्रसंग उरतो, १४५३ ची कास्तियाँची लढाई, जी ती पाहू शकली नाही. बार्बारोसा नदीत बुडून मरतो; पुढे आपण त्याचे शव पिंपात घालून जेरुसलेमकडे नेतो. सलादीनची कथा तर त्याच्या शत्रुपक्षातील एका युरोपीय सरदाराच्या तोंडून येते. नायक मर्त्य असतो, इतिहास त्याच्या पुढे वाहत राहतो आणि शत्रूलाही स्वतःची बाजू असते, या तीन गोष्टी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कोणी न शिकवता कळत होत्या. शिवाय मुख्य पटलावर ‘हिस्टरी’ नावाची कळ होती आणि तिच्यामागे वाचण्याजोगे निबंध होते. लढाई हरलेली मुले ती कळ दाबत.

तो खेळ निर्दोष होता, असा माझा दावा नाही. २००० सालच्या पुरवणीतले हूण मंगोल भाषा बोलत. कोरियन मंडळींना त्यात जागा मिळाली, पण मोहीम मिळाली नाही. नोर्यांगची एक सुटी लढाई तेवढी मिळाली, तीही १५९८ ची, म्हणजे मध्ययुगाच्या पुष्कळ पलीकडची. २००७ साली तिसऱ्या खेळाच्या ‘एशियन डायनॅस्टीज’ या पुरवणीत १८५७ च्या उठावावर मोहीम आली आणि तिच्या नायकाचे नाव ठेवले ‘नानिब साहिर’! हे वाचून बिठूरच्या नानासाहेबांची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. नाव धड घ्यायचे नाही आणि पुरते सोडायचेही नाही, अशी ती तऱ्हा होती. चुका तेव्हाही होत्या. त्या अज्ञानातून किंवा घाईतून होत असत, आणि म्हणून त्या सुधारता येत होत्या.

सुधारल्या गेल्याही. २०१३ साली दुसऱ्या खेळाला ‘द फरगॉटन’ ही पुरवणी मिळाली. मुळात ती चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने रचलेली होती. नंतर तिला अधिकृत मान्यता लाभली. तीत ‘इंडियन्स’ नावाची एकच संस्कृती होती, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सर्वांसाठी. २०२२ साली तिचे विभाजन होऊन हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती झाल्या. युरोपीय धर्तीचा ‘नाइट’ त्यांना दिला नाही, लाकडी धडक-यंत्राच्या जागी चिलखती हत्ती आला आणि राजेंद्र चोळ व पालवंशीय देवपाल यांच्या मोहिमा लिहिल्या गेल्या. तिसऱ्या खेळाच्या २०२० च्या आवृत्तीत ‘इरोक्वॉय’ आणि ‘सू’ ही परक्यांनी दिलेली नावे काढून त्या लोकांची स्वतःची, हौडेनोसौनी आणि लाकोटा, ही नावे घातली गेली. अशी कामे पाहिली की वाटे, मालिका योग्य हातांत आहे.

म्हणूनच ६ मे २०२५ चा दिवस अधिक झोंबला.

त्या दिवशी दुसऱ्या खेळात ‘द थ्री किंग्डम्स’ ही पुरवणी आली. तीत पाच नव्या संस्कृती होत्या : शू, वेई, वू, जुर्चेन आणि खितान. यांतील पहिल्या तिघी मुळात संस्कृतीच नव्हेत. हान साम्राज्य २२० साली कोसळल्यावर एकाच चिनी समाजातील तीन सेनानींच्या घराण्यांनी देश वाटून घेतला, आणि २८० पर्यंत तिन्ही राज्ये नामशेष झाली. शू राज्य तर उणीपुरी ४२ वर्षे टिकले. भाषा एक, लिपी एक, शासनाची परंपरा एक, आणि तिघांचाही दावा एकाच सिंहासनावर. त्यांना तीन संस्कृती म्हणायचे, तर पानिपतानंतरच्या शिंदे, होळकर आणि गायकवाड यांनाही तीन संस्कृती म्हणावे लागेल. गंमत अशी की १९९९ पासूनचे ‘चायनीज’ खेळात कायम आहेत. म्हणजे आता चिनी लोक वेईशी लढतात, जणू वेई कोणी परदेशी होते.

यावर एक उत्तर हमखास मिळते : खेळ आहे, मजा घ्या. मजा घेऊच, पण मग स्वतःला इतिहासाचा खेळ म्हणवून घेऊ नये. या तीन राज्यांना बहुखेळाडू सामन्यांत लिऊ बेई, त्साओ त्साओ आणि सुन जिएन हे नायक प्रशिक्षित करता येतात. मोहिमांपुरते नायक पूर्वीही असत. आता कोणत्याही नकाशावर, कोणत्याही शतकातील शत्रूपुढे, तिसऱ्या शतकातील त्साओ त्साओ उभा राहतो. आपल्या मनातली या माणसांची प्रतिमा तरी कोठून आली? चेन शोउ याने तिसऱ्या शतकात त्या काळाचा इतिहास लिहिला होता. पण जगभर गाजली ती चौदाव्या शतकातली म्हटली जाणारी कादंबरी. कादंबरी थोर आहे, तिच्यावर बेतलेले खेळही पुष्कळ आहेत. या एका खेळाकडून आपली अपेक्षा चेन शोउच्या बाजूने उभे राहण्याची होती.

आणखी एक गोष्ट. प्राचीन काळासाठी स्वतंत्र दालन याच खेळात आधीपासून आहे. २०२४ च्या ‘क्रॉनिकल्स : बॅटल फॉर ग्रीस’मध्ये अथेन्स, स्पार्टा आणि हखामनी इराण यांना वेगळ्या विभागात ठेवले होते, मध्ययुगाशी सरमिसळ न करता. तीन राज्यांची जागा तेथेच होती. दार उघडे होते. कोणी आत नेले नाही.

आता खऱ्या दुःखाकडे येतो. जुर्चेन आणि खितान यांना या पुरवणीत एकही मोहीम नाही. तिन्ही मोहिमा तीन राज्यांच्या.

खितान कोण होते? दहाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लिआओ साम्राज्य उभारले. भटक्या जमातींसाठी उत्तरेचे प्रशासन आणि शेतकरी चिन्यांसाठी दक्षिणेचे, अशी दुहेरी राज्यव्यवस्था त्यांनी चालवली; राजधान्या पाच होत्या. त्यांच्या दोन लिप्या आजही पूर्णपणे वाचता आलेल्या नाहीत. रशियन भाषेत चीनला ‘किताय’ म्हणतात आणि मध्ययुगीन युरोप ‘कॅथे’ म्हणे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी हेच खितान आहेत.

११२५ साली जुर्चेनांनी लिआओ संपवले. त्याआधीच येलू दाशी नावाचा राजकुळातील एक सेनानी मूठभर स्वारांसह निसटला होता. मंगोलियाच्या माळरानावरील ठाण्यांत त्याने जमाती गोळा केल्या, पश्चिमेकडे सरकत मध्य आशिया गाठला, आजच्या किर्गिझस्तानातील बालासागून येथे राजधानी केली आणि ‘गुरखान’ ही पदवी धारण केली. ११४१ साली समरकंदजवळ कतवानच्या रणांगणावर त्याने सेल्जुक सुलतान संजर याचा पराभव केला. सुलतान पळाला, त्याची राणी हाती लागली. पूर्वेकडच्या कोण्या राजाने मुसलमान सुलतानाला धूळ चारली, ही वार्ता विपर्यस्त रूपात युरोपात पोहोचली आणि ‘प्रेस्टर जॉन’ या काल्पनिक ख्रिस्ती राजाच्या दंतकथेला तिने बळ दिले. पराभूत राजपुत्र, पलायन, नवे राज्य, परक्या भूमीतील विजय आणि शेवटी स्वतःविषयीच जन्मलेली खोटी आख्यायिका : पाच-सहा प्रसंगांची मोहीम आयती लिहून ठेवली आहे! दाशी ११४३ साली वारला, म्हणजे शेवटचा प्रसंग नायकाच्या मृत्यूनंतरचा ठेवता आला असता, जोनच्या मोहिमेसारखा.

जुर्चेनांविषयी थोडक्यात. ११२७ मध्ये त्यांनी काइफेंग घेतले आणि दोन सुंग सम्राटांना कैद करून उत्तरेला नेले. १२३२ मध्ये त्याच काइफेंगच्या तटावरून मंगोलांवर लोखंडी कवचाचे स्फोटक गोळे टाकले. शतकभरात आक्रमकाचा वेढलेला झाला.

धाकट्या भावाचीही, म्हणजे चौथ्या खेळाचीही, हीच गत. २०२३ च्या पुरवणीत ‘जोन ऑफ आर्क’ ही चक्क एक संस्कृती आहे, आणि सुंगकालीन तत्त्वज्ञ चू शी याच्या नावानेही एक आहे. १९९९ मध्ये जी मरत असे आणि जिच्यानंतर फ्रान्स उरत असे, ती आता स्वतःच फ्रान्स होऊन पातळ्या चढते. तिसऱ्या खेळासाठी पोलंड आणि डेन्मार्कची पुरवणी जाहीर झाली होती. २०२५ च्या आरंभी ती रद्द झाली आणि त्या खेळाची नवी निर्मितीच थांबली.

काही मराठी मित्र विचारतात, आपल्या यादवांचे काय? देवगिरी खरोखरच कोठे बसत नाही. द्रविडांत घालावी तर भाषा आडवी येते, गुर्जरांत घालावी तर इतिहास. मागणी रास्त आहे. पण ती मी आज पुढे करणार नाही, कारण रांगेत तांगुत आहेत, तिबेटी आहेत, आणि ज्यांना नाव मिळूनही गोष्ट मिळाली नाही ते खितान तर सर्वांच्या पुढे आहेत. शू, वेई आणि वू यांना ‘क्रॉनिकल्स’च्या दालनात हलवा. मग येलू दाशीचा पहिला प्रसंग लिहा : रात्रीची वेळ, मोडलेली छावणी, मूठभर घोडेस्वार, आणि नकाशाच्या पश्चिम कडेपर्यंत अंधार.