विश्लेषण : स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरला घरगुती स्विच, आवाज वाढतो, पण ताकद वाढते का?

दहा-वीस रुपयांचा स्विच, दोन मीटर वायर आणि सुट्टीचा अर्धा दिवस. एवढ्या भांडवलावर स्पोर्ट्स कारचा आवाज हवा तेव्हा मोठा आणि हवा तेव्हा लहान करता येतो, असा समज मोटारवेड्यांमध्ये जगभर आहे. तो खोटा नाही. सायलेन्सरमधल्या झडपेवर गाडीच्या संगणकाऐवजी स्वतःचा ताबा मिळवण्याची ही युक्ती अमेरिका-युरोपात जुनी आहे. पण या स्विचने नेमके काय मिळते, वायरिंगमध्ये कुठे चुकते आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, हे समजून घेतले तर सौदा वाटतो तितका स्वस्त राहत नाही.

सायलेन्सरमध्ये झडप कशासाठी?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूला जितका मोकळा रस्ता, तितकी इंजिनाची दमछाक कमी. पण मोकळा रस्ता म्हणजे मोठा आवाज. आवाज दाबायचा तर वायूला नळ्या आणि कप्प्यांमधून फिरवावे लागते. त्याने मागचा दाब वाढतो आणि जास्त आरपीएमला ताकद थोडी कमी पडते. या दोन गरजांमधली तडजोड म्हणजे झडप. गाडी संथ चालली असताना झडप बंद राहते आणि वायू लांबच्या, शांत मार्गाने जातो. ॲक्सिलरेटर खोल दाबला, आरपीएम चढला की झडप उघडते आणि जवळचा मोकळा मार्ग खुला होतो. हा निर्णय गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू घेतो.

कॉर्व्हेटमध्ये ही यंत्रणा कशी चालते?

घरगुती स्विचची चर्चा ज्या गाड्यांवरून सर्वाधिक झाली, त्यांत शेव्हरले कॉर्व्हेटची २००५ ते २०१३ या काळातली सहावी पिढी येते. तिच्या ‘ड्युअल मोड’ एक्झॉस्टमधली झडप व्हॅक्यूमवर चालते. इंजिनात तयार होणारा व्हॅक्यूम एका बारीक नळीतून मागे सायलेन्सरपर्यंत नेलेला असतो. मध्ये १२ व्होल्टवर चालणारा सोलेनॉइड बसवलेला असतो. त्याला वीज मिळाली की व्हॅक्यूम झडपेपर्यंत पोहोचतो आणि झडप ओढून बंद होते. वीज तुटली की व्हॅक्यूम सुटतो आणि स्प्रिंगच्या जोराने झडप उघडते.

म्हणजे बिघाड झाला तर झडप उघडी राहावी, अशी ही रचना आहे. त्यामागे कारण आहे. वायर तुटली किंवा नळी फुटली आणि झडप बंद अवस्थेत अडकली, तर पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या इंजिनाचा श्वास कोंडेल. उघडी अडकली तर फक्त आवाज वाढेल. अभियंत्यांनी दोन्हींतला कमी नुकसानीचा पर्याय निवडला आणि नेमकी हीच गोष्ट हौशी मालकांच्या पथ्यावर पडली.

घरगुती स्विच जोडतात कसा?

वीज तोडली की झडप उघडते, हे कळल्यावर पहिली युक्ती सोपी होती. या सर्किटचा फ्यूजच काढून ठेवायचा. पण प्रत्येक वेळी फ्यूज काढ-घाल कोण करणार? म्हणून फ्यूजच्या जागी दोन वायरी काढून त्या गाडीच्या आतल्या स्विचपर्यंत आणल्या जातात. फ्यूज त्याच मार्गात कायम ठेवला जातो. स्विच चालू असेल तर गाडी कारखान्यातून आली तशी वागते. स्विच बंद केला की संगणकाने काहीही ठरवले तरी झडप उघडीच. काही जण वायरिंगऐवजी व्हॅक्यूमची नळीच उपसून तिचे तोंड बंद करतात. पण मग आवाज कायमचा मोठा होतो. स्विचमुळे निदान माघारीचा रस्ता राहतो.

मग ताकद वाढते का?

इथे आकडेच बोलके आहेत. २००८च्या कॉर्व्हेटचे ६.२ लिटरचे व्ही-८ इंजिन साध्या एक्झॉस्टसह ४३० अश्वशक्ती देत होते, तर झडपेच्या एक्झॉस्टसह ४३६. फरक सहा अश्वशक्तीचा, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. हा फरकही इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हाचा आहे आणि त्या वेळी कारखान्याची यंत्रणा झडप आपण होऊन उघडतेच. घरगुती स्विच झडप उघडी ठेवतो ती उरलेल्या वेळेत. सिग्नलला थांबताना, गल्लीतून बाहेर पडताना, पहाटे गाडी सुरू करताना. थोडक्यात, स्विचने मिळणारी ताकद शून्य आणि मिळणारा आवाज मात्र नेमका वस्तीतला.

वायरिंगमध्ये कुठे चुकते?

हौसेने केलेल्या वायरिंगमधल्या बहुतेक चुका चार-पाच ठिकाणीच होतात. पहिली, फ्यूजची. फ्यूज उपकरणाला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो वायरीला वाचवतो. बॅटरीवरून थेट, फ्यूजविना वायर काढली आणि बॉनेटमधून आत येताना पत्र्याच्या धारेवर तिचे आवरण घासले, तर शॉर्ट सर्किट होते. मोटारीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडू शकते. वायर काही क्षणांत लाल होते आणि शेजारचे प्लास्टिक पेट घेते. म्हणून फ्यूज वीज घेतो त्या टोकाजवळच हवा आणि पत्र्यातल्या भोकाला रबरी बुश हवा.

दुसरी चूक उष्णतेची. घरात वापरल्या जाणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. एक्झॉस्टच्या नळ्यांचे तापमान काहीशे अंशांवर जाते. गाडीसाठी बनवलेली, जास्त तापमान सोसणारी वायर आणि नळीपासून पुरेसे अंतर यांना पर्याय नाही.

तिसरी चूक सोलेनॉइडच्या स्वभावाची. तो तारेचा वेटोळा असल्यामुळे वीज तोडली की उलट दिशेने व्होल्टेजचा झटका देतो. त्याने स्विचच्या टोकांवर ठिणगी पडते आणि ती हळूहळू जळतात. वेटोळ्याला समांतर योग्य दिशेने डायोड लावला की हा झटका तिथेच जिरतो. स्विचवर २५० व्होल्ट एसी लिहिले आहे म्हणून तो गाडीच्या डीसी वीजप्रवाहाला तितकाच चालेल, असेही नाही. एसीमध्ये प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीमध्ये तशी संधीच नसते.

चौथी चूक संगणकाला फसवण्याच्या नादात होते. सोलेनॉइड सर्किटमधून गायब झाल्याचे अनेक गाड्यांच्या ईसीयूला कळते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. तो विझवण्यासाठी सोलेनॉइडच्या जागी रेझिस्टर जोडला जातो. समजा, वेटोळ्याचा रोध ३० ओहम आहे. १४ व्होल्टला त्यातून सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो आणि साडेसहा वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळणारा पाव वॅटचा रेझिस्टर इथे काही सेकंदांत करपतो. किमान दहा वॅटचा लागतो आणि तोही गालिच्याखाली किंवा फोमला चिकटवून ठेवता येत नाही.

उरतो तो फ्यूजबॉक्स. एकाच फ्यूजवर अनेकदा एकापेक्षा जास्त उपकरणे असतात. गाडीचा वायरिंग नकाशा न पाहता फ्यूजच्या जागी स्विच बसवला, तर झडपेसोबत आणखी काय बंद पडेल याचा नेम नसतो.

नव्या गाड्यांत ही युक्ती का चालत नाही?

अलीकडच्या अनेक गाड्यांत व्हॅक्यूमची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे. झडप फक्त उघडी किंवा बंद नसते, मधल्या कोनांतही थांबते. ती कुठे आहे याची खबर संगणकाला परत मिळते. अशा ठिकाणी वायर तोडणे म्हणजे बिघाडाची नोंद ओढवून घेणे. शिवाय कंपन्याही आता स्वतःच बटण देतात. फोर्डने २०१८च्या मस्टँग जीटीमध्ये तर उलट सोय दिली. ठरावीक वेळेत गाडी शांतपणेच सुरू व्हावी, असे वेळापत्रक मालकाला लावता येते. या सोयीला दिलेले नावही ‘चांगला शेजारी’ अशा अर्थाचे होते.

कायदा काय सांगतो?

युरोपात गाडीला बाजारात येण्यापूर्वी आवाजाची परीक्षा द्यावी लागते. २० मीटरच्या पट्ट्यात गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने ॲक्सिलरेटर दाबून नेली जाते आणि मध्यरेषेपासून साडेसात मीटरवरचे मायक्रोफोन आवाज मोजतात. २०१४च्या युरोपीय नियमानुसार ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत आहे. साध्या मोटारींसाठी शेवटच्या टप्प्यात ती ६८ डेसिबल आहे, तर सर्वांत ताकदवान, बुटक्या स्पोर्ट्स कारसाठी ७२. झडपेत फेरफार केला की गाडी परीक्षा दिलेली गाडी राहत नाही आणि जर्मनीत तिची रस्त्यावर चालण्याची मान्यताच धोक्यात येते. पॅरिसमध्ये आवाज टिपणारे ‘ध्वनी रडार’ बसवण्याचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची मर्यादा मोटारींसाठी ९५ डेसिबल आहे, तर न्यूयॉर्क राज्याने २०२१मध्ये अशा सायलेन्सरसाठीचा दंड एक हजार डॉलरपर्यंत वाढवला.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाने असा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ध्वनिप्रदूषणासाठी कलम १९० वेगळे लागू होते. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांना नवी नाहीत. कायद्याच्या नजरेत दोन लाखांची बुलेट आणि दोन कोटींची मोटार यांत फरक नाही. कारवाईतही तो दिसू नये, एवढीच अपेक्षा.

कंपनीचे बटण चालते, मग मालकाचे का नाही?

मोटारवेड्यांचा हा प्रश्न रास्त आहे. अनेक वर्षे काही गाड्यांच्या झडपा परीक्षेतल्या नेमक्या वेगाला बंद राहत आणि रस्त्यावर मात्र उघडत. नियम पाळल्याचा कागद कंपनीकडे आणि आवाज वस्तीकडे, असा तो प्रकार होता. म्हणूनच युरोपने परीक्षेबाहेरच्या वेगांनाही आवाजाची अट लावली. पण एकाने पळवाट शोधली म्हणून दुसऱ्याला ती मिळावी, हा युक्तिवाद टिकत नाही. नियमाचा रोख दोघांवरही हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशीनुसार रात्रीच्या वेळी रस्त्याचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. पहाटे पाचला उघड्या झडपेची एक मोटार सोसायटीतून बाहेर पडली, तर चालकाचा आनंद अर्ध्या मिनिटाचा असतो. पण तान्ह्या बाळाची, आजाऱ्याची आणि रात्रपाळी करून आलेल्याची मोडलेली झोप पुन्हा लागेलच असे नाही.

स्वतःच्या गाडीचे वायरिंग स्वतः समजून घेण्याची हौस मोलाचीच आहे. नकाशा वाचणे, मल्टिमीटर लावणे, फ्यूजचे गणित करणे यांतून जे शिकता येते ते गॅरेजला बिल भरून मिळत नाही. मात्र या हौसेची जागा बंदिस्त रेसट्रॅकवर आहे. सार्वजनिक रस्त्यावर झडप कधी उघडायची हे संगणकालाच ठरवू द्यावे. सहा अश्वशक्ती तो तशीही देतोच, आणि शेजाऱ्यांची झोपही राखतो.